साडूंचं तळं

आमच्या साडूंइतके प्रश्न विचारणारा माणूस बेळगाव जिल्ह्यात झाला नाही, आणि देवाची कृपा असेल तर पुन्हा होणारही नाही. ते बेळगावच्या एका कॉलेजात शिकवत आणि पाण्याच्या चालीरीतींवर प्रबंध लिहीत. कुठल्या गावानं विहीर कशी जपली, झरा कुणी राखला, असलं सगळं. स्वतःच्याच लग्नात विहीर पुजायला निघालेल्या बायकांना थांबवून त्यांनी गाणं पहिल्यापासून म्हणायला लावलं होतं. एका बाराव्याला भर पंगतीत त्यांनी गेलेल्याच्या भावाला विचारलं, "तुमची विहीर उपसायचं कोण हो?" दर रविवारी पहिल्या गाडीनं ते निपाणीत उतरायचे. आठवडाभर खर्डेघाशी करून माझा पिट्ट्या पडलेला. "अण्णा, स्कूटर काढा, बोरगावकडं एक तळं आहे, तासाभरात येऊ." त्यांचा तास दिवेलागणीला संपायचा.

ते तळं गाळानं भरत आलं होतं. वरच्या आळीतली माणसं सांगत, "पूर्वी पाडव्याच्या आधी समदं गाव गाळ काढायचं की. आता कुनाला येळ हाय?" साडू असे हरखले की विचारू नका. ही चाल पुन्हा सुरू केली की तळं वाचेल, माणसंही एकत्र येतील, हे त्यांच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण झालं. गावात प्रत्येकाला ते वाचून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडेना. सगळ्यात शेवटी आम्ही बौद्ध वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आप्पांकडं गेलो.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "झ्याक लिवलंय मास्तर. पर गाव कुठलं? गाळ आमीच काढत हुतो, फुकट. आन् त्या पान्याला हात लावायची सोय न्हवती आमास्नी."

साडूंना आयुष्यात पहिल्यांदा पुढचा प्रश्न सुचला नाही. परतताना मागच्या सीटवरून एवढंच म्हणाले, "अकरा वर्षं मी अर्ध्याच गावाला विचारत होतो हो."

मला वाटलं, सुटलो एकदाचा. कसलं सुटतोय! पुढच्या रविवारी ते वरच्या आळीत दारोदार हिंडले. या खेपेला गाळ काढायला घरटी एक माणूस यायचं, वस्तीला सुट्टी. लोक तोंडावर हसले. ठरल्या दिवशी तळ्यात उतरलो आम्ही दोघंच. माझी कंबर आधीच कामातून गेलेली, मी पाट्या अर्ध्याच भरत होतो. आप्पा काठावर येऊन बसले होते.

"सायेब, पाटी भरून घ्या. अर्धी चालत न्हवती आमाला."

असा राग आला! पण तो काढावा कुणावर, ते कळेना. मी मुकाट्यानं पाटी भरली. दुपारी आप्पांनी घरून पाण्याचा तांब्या आणला आणि साडूंच्या हातात दिला. साडू घटाघटा प्यायले आणि तिथंच बांधावर बसून ढसाढसा रडले.

मग त्यांनी प्रबंधात एक पान घातलं: यातलं सारं मी अर्ध्या गावाकडून ऐकलेलं आहे. मार्गदर्शक म्हणाले, ते पान काढा, त्यानं सगळाच प्रबंध लंगडा पडतोय. पदवी अगदी दारात येऊन उभी होती. साडूंनी पान ठेवलं आणि प्रबंध मागे घेतला. तळं पुढं बुजलंच. साडूंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. खरं सांगतो, वैतागलो होतो मी त्या माणसाला. पण आपली चूक आपल्याच हातानं लिहून तिच्यापायी पदवी सोडणारा दुसरा कुणी मला भेटला नाही, आणि त्यांची फार आठवण येते.