छान म्हणायचं नाही

आमच्या शनिवारच्या बैठकीत 'छान' म्हणायला बंदी आहे. मंडळ जुनं, सभासद त्याहून जुने. शनिवार पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जमतो आणि एकमेकांच्या कथा फाडतो. पद्धत ठरलेली आहे. ज्याची कथा, त्याने ती वाचायची नाही. दुसऱ्याने वाचायची, म्हणजे लेखकाला आवाजात कंप आणून कथा तारून नेता येत नाही. वाचन झालं की प्रत्येकाने बोलायचं, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकाने दाराजवळच्या खुर्चीत बसून मुकाट ऐकायचं. कोणी चुकून 'छान' म्हणालाच तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. मी मंडळाचा कार्यवाह. म्हणजे सतरंजी घालणं, जाताना पंखे बंद करणं आणि भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना फोन करणं, ही कामं माझ्याकडे.

'छान' आम्ही राखून ठेवलं आहे ते पाहुण्यांसाठी. कोणाची तरी मेहुणी कवितांची फाइल घेऊन येते, कोणी निवृत्त साहेब आत्मचरित्राचं पहिलं प्रकरण घेऊन येतात आणि बाकीची चाळीस पिशवीत आहेत असं सांगतात. अशांना आम्ही एकमुखाने 'छान, छान' म्हणतो, जिन्यापर्यंत सोडायला जातो आणि ते परत येत नाहीत. ज्याने परत यावं असं वाटतं त्याची मात्र सालटी काढतो. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. मला बाहेरचे विचित्र वाटतात, तेव्हा फिट्टंफाट.

वाघोलीवाले म्हणून आमचे एक सभासद होते, ते आमच्यात आले आमच्या कार्यशाळेतून. वर्षातून एकदा आम्ही एखाद्या कॉलेजात कथालेखनाची कार्यशाळा घेतो. त्या वर्षी वाघोलीतल्या एका कॉलेजात घेतली होती. सभागृह खचाखच भरलेलं पाहून आमच्या अध्यक्षांना गहिवरून आलं. मग कळलं की हजेरी लागणार आहे. हजेरीचा कागद फिरून झाल्यावर मागचे दोन दरवाजे उघडले आणि मराठी कथेचं भवितव्य कँटीनकडे निघून गेलं. उरले ते एक गृहस्थ, कारखान्याच्या निळ्या शर्टात, मांडीवर डबा घेऊन. फाटकावरच्या फलकावर 'सर्वांसाठी खुली' असं लिहिलेलं वाचून ते शिफ्ट सुटल्यावर थेट आत आले होते. असं कोणी खरंच आत येईल याची आम्हाला कल्पना नव्हती.

यवतमाळकडचे. तरुणपणी नगर रोडच्या कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. निघताना मी त्यांना म्हणालो, "या एकदा आमच्याकडे शनिवारी." पुण्यात हे वाक्य 'येऊ नका' या अर्थाने वापरतात, पण ते पडले विदर्भातले. पुढच्या दुसऱ्या शनिवारी ते वाघोलीहून मनपाच्या थांब्यापर्यंत बसने आणि तिथून पायी असे आले, जिन्यात चपला काढल्या आणि कथा पुढे केली.

कथा वाईट होती. इतकी की आम्ही त्यांना 'छान' म्हणणारच होतो. पण आमच्या बाई, म्हणजे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आणि वर्ग संपलाय हे अजून मान्य न केलेल्या, त्या दिवशी का कोण जाणे म्हणाल्या, "अहो, यात पहिली तीन पानं कशाला आहेत? माणूस कारखान्यात पोचेपर्यंत आम्ही काय करायचं?" झालं. गृहस्थ दाखल झाले. पुढच्या महिन्यात ते तीच कथा तीन पानं काढून घेऊन आले.

त्यानंतर ते वर्षानुवर्षं येत राहिले आणि आम्ही त्यांना झोडपत राहिलो. पाच-पाच वेळा तीच कथा. आमच्यात एक आयटीवाली मुलगी आहे, ती म्हणायची, "काका, कॅरेक्टर फ्लॅट आहे." ते मान डोलवायचे. बाई म्हणायच्या, "हे वाक्य तुम्हाला स्वतःला तरी कळलंय का?" तरीही मान डोलवायचे. आणि शेवटी अध्यक्ष, जे चर्चेत बहुतेक वेळ डोळे मिटून असतात, ते डोळे उघडून एकच वाक्य बोलायचे: "शेवटावर काम करा आणि पुढच्या महिन्यात परत आणा." हे वाक्य ते सगळ्यांनाच म्हणतात. मला तर त्यांनी एकदा जमाखर्चाचा अहवाल वाचल्यावर म्हटलं होतं.

गेल्या वर्षी वाघोलीवाले गेले. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं. आम्हाला कळलं ते चार दिवसांनी, त्यांच्या पत्नीचा मला फोन आला तेव्हा.

"भाऊ, मी वाघोलीहून बोलून राहिली," असं म्हणून त्यांनी नीट, न रडता सगळं सांगितलं. मुलगा बंगळूरला असतो. त्याच्या मनात आहे की वर्षश्राद्धाला बाबांच्या गोष्टींचं पुस्तक काढावं आणि नातेवाइकांना, कारखान्यातल्या लोकांना वाटावं. "काढू का भाऊ? हसं तर नाही ना होणार त्यांचं? जिवंत असते तर त्यांनी त्यांचं पाहून घेतलं असतं. आता त्यांना उत्तर नाही देता येत."

"छे हो वहिनी, उगाच काहीतरी," मी म्हणालो.

"असं फोनवर नका सांगू. मी येते शनिवारी. तेव्हा सगळे मिळून सांगा."

आम्ही शोकसभा कधी घेतली नव्हती. स्टुलावर फोटो ठेवला, हार घातला. उदबत्ती होती, काडेपेटी नव्हती. वहिनी आल्या. बुटक्या, अंगावर साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्यांनी फोटोला नमस्कार केला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. ती लेखकाची खुर्ची हे त्यांना सांगायला कोणी धजलं नाही. दोन मिनिटं उभे राहून झाल्यावर भाषणं सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, फार छान लिहायचे. आयटीवाली म्हणाली, काकांचं लिखाण खूपच छान होतं, एकदम रिलेटेबल. बाईसुद्धा, होय बाईसुद्धा, घसा साफ करून म्हणाल्या की त्यांच्या लेखणीत छान सहजता होती. मीही काहीतरी बोललो, त्यात 'छान' दोनदा आलं. नियम लावला असता तर त्या दिवशी सबंध शनिवार पेठेला चहा मिळाला असता.

वहिनी सगळं ऐकून घेत होत्या. चेहरा उतरत गेला तो मला दिसत होता, पण मला वाटलं, दुःखाने.

"झालं सगळ्यांचं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सगळे छान म्हणून राहिले. ते मला सांगायचे ना, तुमच्याकडे छान कोणाला म्हणतात ते. जो परत यायला नको असतो, त्याला."

अध्यक्षांनी डोळे उघडे ठेवले होते, तेही आता खाली वळवले.

"मी हारासाठी नाही आली," त्या म्हणाल्या. "पुस्तक काढायचं की नाही, ते विचारायला आली. इथून घरी आले की ते मला सगळं सांगायचे. बाई असं म्हणाल्या, ती पोरगी तसं म्हणाली. जेवायचे नाहीत त्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या आधी उठून तेच कागद घेऊन बसायचे. मला राग यायचा तुमचा, खरं सांगते. पण खोटं नव्हतं बोललं कोणी त्यांच्याशी. आज बोलले." आणि त्यांनी पिशवीतून कागद काढले. "ही शेवटची लिहिलेली. इथं वाचायची राहिली. नेहमी जसं बोलता, तसं बोला."

मला इतकी लाज वाटली की मी खाली बघतच कागद घेतले आणि वाचायला लागलो.

गोष्ट साधी होती. कारखान्यातला एक माणूस ओव्हरटाइम मिळतो म्हणून मेहुण्याच्या लग्नाला जात नाही. बायको एकटी जाते ती माहेरीच राहते. तो खिचडी करतो, जाळतो, खातो. दूधवाला विचारतो, वहिनी कधी येणार, तर हा दूधवाला बदलतो. पत्र लिहायला बसतो आणि त्यात हवापाणी लिहितो. एका संध्याकाळी शिफ्टवरून येतो तर कुलूप उघडं. बायको ओट्याशी मेथी निवडते आहे. तो हातपाय धुतो, पाट घेतो आणि बसतो. संपलं.

सुरुवातीला सगळे चाचरत बोलले. मग दूधवाल्याच्या प्रसंगावरून आयटीवाली आणि बाई यांची जुंपली आणि बघता बघता नेहमीचा शनिवार झाला. ओव्हरटाइमचं पान लांबलं आहे. खिचडी दोनदा जळते, एकदा पुरे. पत्राचा प्रसंग उत्तम, पण त्यानंतरचा परिच्छेद तो समजावून सांगतो, तो उडवा. वहिनी खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या. आता चेहरा उतरलेला नव्हता. बाई शेवटावर आल्या. "हे मला अजिबात पटलेलं नाही. बायको परत का आली? कारण नको का? लेखकाने सरळ अंग काढून घेतलंय इथे." मलाही तेच वाटत होतं आणि तसं मी बोललो.

मग सगळ्यांच्या सवयीप्रमाणे नजरा अध्यक्षांकडे गेल्या. त्यांनी डोळे उघडले आणि दाराजवळच्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "शेवटावर काम करा आणि पुढच्या महिन्यात परत आणा."

बाईंनी कपाळावर हात मारला. अध्यक्षांना आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्या म्हाताऱ्याचं तोंड बघवेना. चष्मा काढून ते म्हणाले, "वहिनी, माफ करा हो. तोंडात बसलंय..."

"असू द्या. त्यांना बरं वाटलं असतं," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण भाऊ, तो शेवट त्यांना नसता बदलता आला. ती बायको का आली परत, हे त्यांना माहीतच नव्हतं. मी आली, पिशवी ठेवली, मेथी घेतली निवडायला. ते आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. का आली, म्हणून विचारलंच नाही त्यांनी. कधीच नाही."

बाईंनी माझ्या हातातून शेवटचं पान ओढून घेतलं आणि मनात वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "याला हात लावायचा नाही. विचारलं तर ती उठून जाईल अशी धास्ती वाटतेय त्याला. सगळं आहे इथे, मलाच दिसलं नाही." बाईंना काही दिसलं नाही असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. "पुस्तक काढा."

"हसं नाही ना होणार?"

"जुन्या कथा घातल्यात तर होईल. त्या काढून टाका, कोणत्या ते मी सांगते. ही पहिली घाला. मग बघू कोणाची बिशाद आहे हसायची."

वहिनींनी मान डोलवली, अगदी वाघोलीवाल्यांसारखी. मला एकदम तो माणूस त्या खोलीत हवासा वाटला. त्याला हे ऐकवायला हवं होतं, बाकी काही नाही.

आयटीवाली मुलगी पुढे सरकली. ती हळूच म्हणाली, "काकू, पण तुम्ही का आलात परत?"

वहिनी आमच्याकडे बघत नव्हत्या, फोटोकडे बघत होत्या. "करमेना मला," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं ना मी."