रेघवालीनं खरं सांगितलं

तिला सगळे रेघवालीच म्हणत. इस्पितळाच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत बसायची. समोरच्या स्क्रीनवर बत्तीस रोग्यांच्या काळजाच्या रेघा धावायच्या. रोगी वर, छातीला तारा लावून, ही खाली. एकाचंही तोंड पाहिलेलं नाही, पण काळीज ओळखायची.

कुणी दात घासायला लागलं की तारा हलून रेघ अशी नाचायची, की माणूस गेलाच वाटावं! यंत्र बोंब मारायचं. वॉर्डातल्या सिस्टर कामात, फोन उचलायला सवड नाही. मग ही वॉर्डातल्या आयाला तिच्या मोबाइलवर विचारायची, "अकरा नंबर काय करतोय गं?"

"दात घासतोय मेला, आणि वर गाणंही म्हणतोय!"

एवढं कळलं की यंत्र गप्प करायची. खरा घात असला, तर मात्र आयाबिया नाही, थेट डॉक्टर. नऊ वर्षांत एकदाही चुकली नाही. पण लेखी काहीच नव्हतं, म्हणून तिच्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं. "नुसतं बसायचं तर असतं," म्हणायचे.

मग मोठ्या साहेबांनी ठरवलं, लांबून काळीज बघण्याचे नियम लिहा. काम मेट्रनबाईंकडे, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या मुख्य बाईंकडे आलं. या दोघी वर्षानुवर्षं एका बाकावर डबा खाणाऱ्या.

"तू कसं करतेस ते सगळं सांग," मेट्रनबाई म्हणाल्या. "तेच नियमात घालू."

"आयाला विचारते तेही, ताई?"

"तेही. घाबरतेस काय, मी आहे ना!"

हुरळली बिचारी. आता आपलं काम कागदावर येणार! चार दिवस पोटातलं सगळं ओठावर आणलं. ताईंनी वहीत उतरवून घेतलं.

सभेत ताई वाचू लागल्या. "सध्याचे दोष. पाहणारी व्यक्ती स्वतःच्या अंदाजानं यंत्र बंद करते. सिस्टरला न कळवता आयाला विचारते."

रेघवालीनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी कागदातून डोकं वर काढलं नाही. सिस्टर फोन उचलत नाहीत, हे वहीत होतं. कागदात नव्हतं.

"बाप रे," साहेब म्हणाले, "नशीब, कुणी दगावलं नाही!" नियम ठरला. प्रत्येक आवाजाला वॉर्डात फोन, अंदाज बंद.

बाहेर ताईंनी गाठलंच. "तुझं नाव कुठं घेतलंय मी?"

"नाव कशाला हवं? त्या खोलीत काय दहा जणी बसतात?"

"अगं, माझ्या पोरींना सांभाळायला नको?"

"सांभाळा की. केसानं कापायला माझाच गळा बरा सापडला."

त्यानंतर तिनं डबा खालीच खाल्ला.

आठवड्यानं ताईंनी एक नवी मुलगी शिकायला धाडली. दुपारी एक रेघ थयथयली. मुलगी दचकली. "मावशी, खरी की खोटी? तुम्हाला म्हणे नुसतं बघून कळतं!"

रोगी कूस बदलतोय, हे रेघवालीला एका नजरेत कळलं होतं.

"बघून काही कळत नाही, बाई," ती म्हणाली. "कागदात लिहिलंय ना? लाव फोन."

मुलगी फोन लावत राहिली. वर कुणी उचलेना.