जाणारीला जागा सांगत नाहीत

मला सोलापूरला धाडलं त्या सकाळी आई पदरभर अळंबी घेऊन शिवारातून आली. नवरा गिरणीत लागला होता, मोहोळ स्टेशनाला जायला बैलगाडी जुंपून उभी होती, आणि ही बाई उजाडायच्या आत बांध तुडवून आलेली. मी विचारलं, कुठं सापडली? तर म्हणाली, "जायाच्या पोरीला जागा सांगत न्हाईत. जागा रुसती." सुनेला मात्र दाखवायची, असा आमच्याकडचा रिवाज. सून राहणारी, लेक जाणारी. मला असा राग आला की मी तिच्या पायाही पडले नाही. तरी गाडी हलल्यावर ती मागून धावत आली आणि वाळवलेल्या अळंबीची माळ माझ्या मांडीवर टाकून गेली.

ओळखायला मात्र तिनंच शिकवलं होतं. देठ खोल वारुळात गेलेला असला, तर ती आपली. "उकिरड्यावरची समदी कुत्र्याची छत्री, इखारी. बोट बी लावू नगंस." पाणी न लावता फडक्यानं पुसायची, दोऱ्यात ओवायची आणि चुलीवरच्या धुरात टांगायची. चाळीत आल्यावर भोंगा, पाळी, जॉबर म्हणजे मुकादम, हे गिरणीतले शब्द तोंडात बसले, पण आमटीत त्या माळेतली दोन अळंबी पडली की खोलीभर आमच्या चुलीचा वास सुटायचा. मी जपून वापरली, तरी माळ संपलीच.

मग गिरणी बंद पडली. आधी भाकरी अर्धी झाली, मग कण्यांवर आलो. माझी तानी नुकती तापातून उठलेली, पेज दिली की ओकून टाकायची. पोरीची हाडं हाताला लागायची. शेजारची नरसम्मा, तेलुगू विणकराची बायको, एक दिवस ओंजळभर अळंबी घेऊन आली. गिरणीमागं कापसाचा कचरा कुजत पडतो, त्या ढिगावरची. "लेकराला घाल, आमी खातो की," म्हणाली. उकिरड्यावरची! मी तिच्यादेखत ती गटारात फेकली. तानी किती तरी वेळ गटाराकडं बघत बसली.

आपली खरी अळंबी आणायची, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. तानीला नरसम्माकडं ठेवून मी गाव गाठलं. आई आदल्या साली गेली होती आणि पाठोपाठच्या दुष्काळात भाऊ-वहिनी रेल्वेच्या कामावर निघून गेलेले. दाराला कुलूप. मी वेड्यासारखी बांधामागून बांध हिंडले. "आई, आता तरी सांग गं," असं मोठमोठ्यानं ओरडत होते. सांगणारी मेली आणि राहणारीही राहिली नाही. शेवटी वासानं जागा सापडली, विहिरीमागच्या वारुळावर. अळंबी उमलून काळी पडलेली, किड्यांनी बुजबुजलेली. एकही धड नव्हती. मी तिथंच बसून हंबरडा फोडला.

रिकाम्या हातानं परतले तर तानी नरसम्माच्या उंबऱ्यात बसून बोटं चाटत होती. पुढ्यात वाटी, वाटीत त्याच ढिगावरचं कालवण. पोरीच्या पोटावर हात ठेवून मी नुसती बसून राहिले. दिवस कलला, तेव्हा तानीनं विचारलं, "आये, आनिक हाय का?"

दुसऱ्या दिवशी नरसम्मानं मला गिरणीमागं नेलं. ओला कचरा हातानं उचलून खालची अळंबीची पांढरी बोंडं दाखवली. "पाऊस झाला की हितं यायचं. कुनाला नको सांगू." मी म्हणाले, "मग मला कशाला दाखवतेस?"

ती हसली. "तू आता कुटं जानार? हितंच की."

गावाकडच्या बायांनो, माहेरी कधी येतेस म्हणून तुम्ही निरोप धाडता. काय सांगू? त्या दिवशी कचऱ्यात गुडघे टेकून मी अळंबी खुडत होते आणि रडत होते. आईनं जागा सांगितली नव्हती, तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.