एक ठिकाण अन् चढ

गणिताच्या मास्तरकडं कसले किस्से असणार, असं लोकांना वाटतं. मी नेहरू नगरच्या एका कोचिंगमध्ये अकरावीला शिकवतो, अन् माझ्याकडं एकट्या वानखेडेकाकांचेच इतके जमलेत की सांगता सांगता चहा थंड होतो. काका रेल्वेतून रिटायर झालेले, रूळ टाकायच्या खात्यातले. नात मृणालला जवळच्या कोहक्याहून घेऊन यायचे अन् क्लास सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसायचे.

*

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं: बिंदू (2, 3), स्लोप 4, रेषेचं समीकरण काढा.

"सर, एकच पॉइंट दिलाय. दुसरा?" पोरांनी विचारलं.

मी बोलायच्या आत मागून आवाज आला, "एक ठिकाण अन् चढ ठाऊक असन, तर दुसरं कायले पायजे? आमी मैलोगणती लाइन अशीच टाकली."

मग मी y − 3 = 4(x − 2) लिहिलं. पंधरा वर्षं हेच लिहीत होतो. ती रेघ फळ्याच्या बाहेर, लांबवर जाताना त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

*

त्याच बिंदूतून स्लोप शून्य आला की पोरं अडायची. "मग रेषाच नाही ना, सर?"

"कावून? सपाटीवर गाडी चालत नाही काय?" काका म्हणाले.

y = 3 लिहायला त्यानंतर कोणी चुकलं नाही.

*

उभ्या रेषेला स्लोपच नसतो, हे मात्र काकांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी दारातच गाठलं.

"सर, कालपासून विचार करून राहिलो. तिथं तुमचं सूत्र चालतच नाही?"

"नाही. नुसतं x = 2 लिहायचं."

"बरं झालं," काका म्हणाले. "आमची गाडीबी तिथं चालत नाही."

*

मृणालची आजी दोन वर्षांपासून व्हीलचेअरवर. कोणी उचलून नेल्याशिवाय बाहेर पडणं नाही. शेवटी रॅम्प करायचं ठरलं. उंबरा जमिनीपासून दीड फूट. मिस्त्री म्हणाला, "आठ फीट में हो जाएगा."

मृणालनं वही काढली. बारा फुटांत एक फूट उतार असला तर खुर्ची हातानं सांभाळता येते, हे तिनं वाचलं होतं. बिंदू (0, 1.5), स्लोप उणे एक छेद बारा. समीकरण लिहून y शून्य ठेवला. अठरा फूट.

म्हणजे थेट काकांच्या गुलाबांवरून. काकांनी वही दोनदा पाहिली अन् गुलाब स्वतःच्या हातानं उपटले.

सिमेंट पक्कं झाल्यावर मलाही बोलावलं होतं. काका खुर्ची धरायला पुढं झाले. आजी म्हणाल्या, "हात काढा."

चाकं हातानं आवरत त्या सावकाश खाली आल्या. स्वतः फाटकाची कडी काढली अन् गल्लीत वळल्या.

"अवं, कुठं चालली?" काकांनी उंबऱ्यातून विचारलं.

आजींनी मागं पाहिलं नाही. "अजून ठरवलं नाही."