तीन इंच खाली घेतलेले फूटरेस्ट

आमची कंपनी तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरात होती. मी लष्करात सिग्नलचा हवालदार, मूळचा अकोले तालुक्यातला. काम डीआरचं, म्हणजे मोटारसायकलवरून डाक पोचवायची. पहिली फेरी सकाळी सातला, खालच्या चौकीपर्यंत बावीस किलोमीटर. सगळा घाट.

माझी उंची सहा फूट एक इंच. डावा गुडघा व्हॉलीबॉलमध्ये दुखावलेला. गाडीवर बसलो की गुडघे पोटात यायचे, उतरताना आई आठवायची. तक्रार केली असती तर ड्यूटी बदलली असती, आणि डीआरचा रुबाब मला सोडवत नव्हता. म्हणून लोखंडी पट्ट्या मिळवल्या आणि एका रविवारी दोन्ही फूटरेस्ट तीन इंच खाली घेतले. परवानगी नाही, नोंद नाही. सरकारी गाडीचा साधा नटसुद्धा न विचारता बदलायचा नसतो, हे नव्या जवानांना मीच शिकवत होतो.

पाय मस्त लांब झाले. स्वर्गच! पण गाडी वळणावर झुकली की फूटरेस्ट रस्त्याला घासायचा. दोनदा ठिणग्या उडाल्या. मग मी गाडी न झुकवता हळूच वळण काढायला शिकलो. दुसरं कुणी ती चालवत नव्हतं, तेव्हा मला कसली फिकीर!

एका सकाळी गुडघा सुजून टम्म झाला. लान्स नायक याकोब म्हणाला, "दादा, बसा गुमान. आज मी जातो."

याकोब श्रीरामपूरकडचा. एकाच जिल्ह्यातले म्हणून मला दादा म्हणायचा. गाडी माझ्याहून चांगली चालवायचा.

सात वाजता त्यानं किक मारली. 'झुकवू नको, फूटरेस्ट टेकतोय' हे माझ्या जिभेवर होतं. पण शेजारी सुभेदारसाहेब उभे होते. बोललो असतो तर माझी चोरी उघडी पडली असती. मी म्हणालो, "सावकाश जा." बस्स, एवढंच.

सात पन्नासला वायरलेस सेटवर खालची चौकी आली. "डीआर पोचला नाही. ओव्हर."

"सातला निघाला. शोधायला माणूस पाठवा. ओव्हर."

आठ वीसला उत्तर आलं. "नवव्या वळणाखाली गाडी दिसते. जवान हलत नाही. ओव्हर."

डावं वळण होतं. फूटरेस्ट डांबरात अडकला, मागचं चाक उचललं गेलं आणि याकोब दरीत गेला. रस्त्यावरचा ओरखडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

दुपारी गाडी वर आणली. चौकशी दुसऱ्या दिवशी होती. सगळे याकोबच्या मृतदेहापाशी उभे होते तेव्हा मी पाना घेतला, पट्ट्या काढल्या आणि फूटरेस्ट मूळ जागी बसवले. चौकशीत मेजरसाहेबांनी विचारलं, "गाडीत काही बदल केला होता?"

"नो सर."

निकाल लागला: वळणावर जादा वेग, चूक चालकाची.

रिटायर होऊन सावेडीत राहायला आलो. एकदा श्रीरामपूरला त्याच्या घरी गेलो. याकोबच्या वडिलांनी विचारलं, "हवालदारसाहेब, आमचा याकोब लई जपून चालवायचा. लोक म्हनत्यात, मस्तीत गेला. खरं काय हुतं?"

"घाट वाईट होता, बाबा," मी म्हणालो आणि त्यांच्याकडचा चहा प्यालो. लाज वाटली नाही का? वाटली. तरी प्यालो.

गेल्या महिन्यात सावेडीतल्या गॅरेजवाल्यानं माझी लंगडी चाल पाहिली. "काका, फूटरेस्ट थोडे खाली घेऊ का? गुडघ्याला आराम पडेल." बिचारा माझ्या भल्याचंच बोलला. मी त्याच्यावर खेकसलो, आणि तशीच गाडी श्रीरामपूरच्या रस्त्याला लावली.

बाबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पट्ट्या, न बोललेलं वाक्य, पाना, 'नो सर'. युनिटलाही लेखी कळवतो म्हणालो. कळवलं आहे.

बाबांनी मला शिव्या द्याव्यात, असं फार वाटत होतं. त्यांनी आत हाक मारली, "अगं, भाईर ये. आपल्या याकोबची चूक न्हवती."

याकोबची आई बाहेर आली. बाबांनी तिला थोडक्यात सांगितलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला.

"चला, त्याला सांगून येऊ," ती म्हणाली.

दोघं कबरस्तानाकडं चालू लागले. मला या म्हणाले नाहीत. मीही मागं गेलो नाही.