उघड्या दारापुढचा प्रश्न

सर्वप्रथम क्षमा मागते. आदरणीय रेजिनाबाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहिण्याचा अधिकार त्यांच्या कितीतरी ज्येष्ठ सहकाऱ्यांना आहे. माझ्यापाशी शुद्ध मराठी लिहिण्यापलीकडे कोणतीही पात्रता नाही. "तू बोलत तर नाहीस, निदान लिही तरी," असे संपादक मंडळाने म्हटले, तेव्हा नकार देण्याइतकेही बोलणे मला जमले नाही.

बोरिवलीच्या आमच्या गावठाणात बाईंना दोन कारणांनी ओळखतात. आठवडाभर त्या मराठी शाळेत विज्ञान शिकवीत आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपल्यावर मुलांना मराठीतून धर्मशिक्षण देत. शाळेतून त्या निवृत्त झाल्या, रविवारच्या वर्गातून मात्र नाही. त्यांची माझी खरी ओळख एका गुड फ्रायडेला झाली. मी चौथीत होते आणि धर्मशिक्षणाच्या परीक्षेत नुकतीच पहिली आले होते.

हा ग्रंथ बाईंच्या सर्वधर्मीय विद्यार्थ्यांच्या हाती जाणार आहे, म्हणून थोडे सांगते. चर्चमध्ये वेदीमागे एक सोनेरी पेटी असते. तिला टॅबरनॅकल, म्हणजे मुळात तंबू, म्हणतात. मिस्सामध्ये पवित्र केलेली भाकर, म्हणजे आमच्या श्रद्धेनुसार साक्षात ख्रिस्त, तिच्यात ठेवलेली असते. शेजारी दिवा तेवत असतो आणि येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे गुडघा टेकतो. मात्र गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी ती भाकर दुसरीकडे नेतात, दिवा विझवतात आणि पेटीचे दार सताड उघडे ठेवतात. ते शनिवारच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्रीपर्यंत तसेच असते.

त्या उघड्या पेटीपुढे बाईंनी आम्हांला नेले. मी सवयीने गुडघा टेकला. मी हुशार म्हणून माझ्यामागे सगळ्या रांगेने टेकला.

"काय गं, पहिला नंबर," बाई म्हणाल्या, "आत कोण आहे?"

"येशू," मी पाठ केलेले उत्तर दिले.

"दार उघडंच आहे. बघ ना."

"बाई, तो बाहेर गेलाय!" मागून ग्लेन ओरडला. "कुलूप लावायला विसरला!"

हशा पिकला. बाईही हसल्या. मग पायरीवर बसून म्हणाल्या, "वाळवंटात लोक तंबूत राहायचे, तेव्हा देवानंही तंबूच मागितला. बायबलात त्याला निवासमंडप म्हटलंय. लोक निघाले की तोही गुंडाळून निघायचा. तुम्ही चाळीत, तर तो चाळीत. ही पेटी म्हणजे तिजोरी नाही रे, त्याचं आपल्या शेजारचं बिऱ्हाड आहे. आज ते रिकामं आहे. शेजार गेला की कसं वाटतं, तेवढं बघा." ग्लेनच्या शेजारची खोली त्याच महिन्यात रिकामी झाली होती. तो पुढे येऊन उघड्या दारातून आत बघू लागला.

जे शिकवीत, तसेच बाई वागत. माझी आजी अंथरुणाला खिळली तेव्हा फादर घरी येऊन तिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे तीच पवित्र भाकर, देत. त्यांच्याआधी बाई पोहोचत, स्टुलावर पांढरे कापड अंथरीत आणि मेणबत्ती लावीत. पहिल्या वेळी वाळत घातलेले कपडे लपवता लपवता आई ओशाळून म्हणाली, "बाई, घरात नुसता पसारा आहे हो."

"मग तंबूत काय पसारा नसेल?" बाई म्हणाल्या. "राहू दे. त्याला सवय आहे."

आता रविवारच्या वर्गात मोजकीच मुले उरली आहेत. बाकीची इंग्रजी वर्गात जातात. बाईंना जिना उतरवत नाही. जूनपासून शिकवणारे कोणी न मिळाल्यास मराठी वर्ग बंद होईल, असे फादरांनी सांगितले आहे. बाईंनी मला दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी म्हटले, "पुढच्या वर्षी, बाई."

काल गुड फ्रायडे होता. बाई येऊ शकल्या नाहीत. ती मोजकी मुले आपणहून उघड्या पेटीपुढे जाऊन उभी राहिली. एका लहानगीने गुडघा टेकला, दुसरी खुदकन हसली आणि मग सगळी मागे वळून कोणाची तरी वाट पाहू लागली. मी शेवटच्या बाकावर होते. प्रश्न मला ठाऊक होता, पुढचे सगळे शब्द ठाऊक होते. मी उठले नाही. मुले निघून गेली.

संध्याकाळी बाईंकडे गेले. त्यांनी विचारले, "पोरांना कोणी विचारलं का गं, आत कोण आहे?"

"नाही, बाई."

"बरं." मग वाटी पुढे सरकवत म्हणाल्या, "पेज घे थोडी. उपाशी असशील."

बाई रागावल्या असत्या, तर आज त्यांच्याविषयी लिहिताना मान एवढी खाली गेली नसती.

परमेश्वर बाईंना निरामय दीर्घायुष्य देवो, ही आपणां सर्वांची प्रार्थना आहेच. त्यांच्या गुडघ्यांसाठी मी वेगळी विनंती करते. जूनमध्ये वर्ग भरेल त्या रविवारी त्यांना जिना उतरता यावा आणि शेवटच्या बाकावर, माझ्या जागी, बसता यावे. मुलांसमोर मी उभी असेन. चुकले तर त्यांनी तिथूनच "काय गं, पहिला नंबर" म्हणावे. तोंडी मी दोनदा टाळले. छापलेले टाळता येत नाही, म्हणून शब्द इथे देते आहे.

पेटी अजून रिकामी आहे. रात्री दिवा लागेल.

संपादक मंडळास पाठवले : शनिवार, १९ एप्रिल २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.