सरांनी झाकलेला डोळा

मित्रहो, आज सर "मले शिकव" म्हणाले अन् माझा दोन वर्षांचा राग तिथंच निवला.

याच सरांनी मला भर वर्गात, मला आवडणाऱ्या पोरीसमोर नालायक म्हटलं, म्हणून मी पांढुर्ण्याचं शेतकी कॉलेज सोडलं. ती अजून तिथंच शिकते. मी नर्सरीत संत्र्याची कलमं बांधतो.

सरांनी घरी बोलावलं अन् "वर्गातली कलमं जगत नाही, मले शिकव" म्हणत एक कलम बांधून दाखवलं. पट्टी गुंडाळताना कोंब फुटायचा डोळाच झाकला.

"सर, आता कोंब निंघन कुठून?"

"वीस वर्षं पोरायले असंच शिकवून राहिलो बे." सर पट्टी सोडत हसले. "उद्या वर्गात तूच दाखव. मी पोरायत बसतो."

वर्गात ती असणार. तुम्ही गेले असते का?

मी "येतो" म्हटलं अन् मन फिरायच्या आत बाहेर पडून दार ओढून घेतलं.